तीर्थनच्या काठी

मासे धरण्याचे जितके मार्ग माणसाने शोधून काढले आहेत, त्यांत कमीत कमी मासे देणारा आणि जास्तीत जास्त विचार करायला लावणारा मार्ग म्हणजे फ्लाय फिशिंग. फ्लाय म्हणजे माशी. ‘माशीने मासा धरणे’ असे मराठीत म्हटले की ऐकणाऱ्याला हसू फुटते. पण प्रकार अक्षरशः तोच आहे. कोंबड्याचे पीस, सशाचे केस आणि रेशमाचा धागा एका इवल्याशा गळावर गुंडाळून खोटी माशी तयार करायची आणि ती पाण्यावर इतक्या अलगद उतरवायची, की ट्राउट नावाच्या महाचतुर माशालाही ती खरी वाटावी. हे खूळ आजकालचे नव्हे. इसवी सन २००च्या सुमारास एलियन नावाच्या रोमन लेखकाने मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि पिसे बांधून मासे धरतात, असे लिहून ठेवले आहे.

हे खूळ माझ्या डोक्यात शिरले ते निवृत्तीनंतर. बँकेत छत्तीस वर्षे दुसऱ्यांच्या पैशांचा हिशेब केल्यावर निरोपसमारंभात सहकाऱ्यांनी माझ्या हाती एक पाकीट ठेवले आणि “स्वतःसाठी काहीतरी घ्या” अशी प्रेमळ ताकीद दिली. घरात पंखे होते, फ्रिज होता, सोफ्याची खोळही नवी होती. मला हवी होती ती नऊ फुटांची एक काठी. ते ऐकून आमच्या हिने माझ्याकडे असे पाहिले, की पाकीट आपल्याच ताब्यात असते तर बरे झाले असते.

तिच्या पाहण्यात केवळ पैशाची काळजी नव्हती, हेही सांगायला हवे. दोन वर्षांपूर्वी माझा उजवा खांदा धरला होता. शर्टाची बाही चढवायलाही मदत लागे. डॉक्टरांच्या व्यायामाने हात पुष्कळ सुटला, तरी वर उचलताना अजून एके ठिकाणी अडतो. “दिवसभर काठी फिरवणार कोण, तुम्ही की मी?” असा तिचा रोकडा सवाल होता आणि त्याचे उत्तर मुंबईत बसून मिळणारे नव्हते. तेव्हा काठी विकत घेण्याआधी ती जिथे चालवायची ती नदी पाहून यावी, असे ठरले आणि गेल्या एप्रिलात आम्ही उभयता हिमाचल प्रदेशात, कुलू जिल्ह्यातल्या तीर्थन नदीच्या काठी जाऊन पोचलो.

दिल्लीहून मनालीकडे जाणारी रात्रीची बस औट या गावी सोडायची. तिथून मोठा रस्ता बियास नदीच्या संगतीने पुढे मनालीला जातो आणि आपण मात्र उजवीकडच्या अरुंद दरीत शिरायचे. लारजीपाशी तीर्थन आणि सैंज या नद्या बियासला भेटतात. पुढे बंजार, आणि बंजारच्या पुढे गुशैणी. मोटार जसजशी वर चढते, तसतशी नदी खाली खळखळत सोबत येते. सफरचंदाच्या बागा फुलल्या होत्या. घरांची छपरे पातळ दगडी फरश्यांची, भिंतीत लाकडाचा एक थर आणि दगडाचा एक थर. दरीच्या वरच्या टोकाला ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कचे अरण्य सुरू होते. त्याला २०१४ साली युनेस्कोने जागतिक वारशाचा मान दिला. नदी तिथल्याच बर्फातून उगम पावते, म्हणून एप्रिलच्या उन्हातही तिच्यात पाय घातला की पोटरीपर्यंत कळ जाते.

या पाण्यातला ब्राउन ट्राउट मात्र इथला नव्हे. साहेबाला हिंदुस्थानात सगळे मिळाले, पण आपल्या गावच्या ओढ्यातला मासा मिळाला नाही. म्हणून त्याने तो जहाजाने आणवला. काश्मीरला पाठवलेली अंड्यांची पहिली खेप वाटेतच फुकट गेली. १९०० साली दुसरी खेप पोचली आणि तिथल्या गार पाण्यात रुजली. पुढे १९०९च्या सुमारास काश्मीरची अंडी कुलूला आली आणि तिथून मासा आसपासच्या नद्यांत पसरला. स्नो ट्राउट म्हणतात तो मूळचा रहिवासी मासा बिचारा या पाहुण्याला जागा करून देत राहिला आहे. असो. पाहुण्याच्या आज चार-पाच नव्हे, कितीतरी पिढ्या झाल्या असतील, आणि दरीतल्या अनेक घरांची चूल आता त्याच्यावर चालते.

आमचे यजमान अशाच एका घरचे. वय साठीचे, चेहरा उन्हाने रापलेला, डोक्यावर कुलूची टोपी. पाहुण्यांना जेवू घालणे आणि नदीवर नेणे हा त्यांचा व्यवसाय. त्यांच्या ओसरीत भिंतीवर चार काठ्या आडव्या टांगलेल्या होत्या. मी “नवशिक्याने कोणती घ्यावी?” असे विचारताच त्यांनी चारही खाली उतरवल्या आणि म्हणाले, “बाबूजी, मी सांगणार नाही. तुमचा हात सांगेल, नदी सांगेल. आणि ज्याला कोणी विचारत नाही तो मासाही सांगेल.”

काठ्यांची तोंडओळख करून देण्याआधी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती कळल्याशिवाय बाकीचे सारे निरर्थक. आपल्याकडच्या नेहमीच्या गळाला शिसे असते किंवा आमिषाचे वजन असते. आपण ते वजन फेकतो आणि दोरी त्याच्यामागून जाते. माशीला वजनच नाही. ती फेकली तर फुंकर मारल्यासारखी पायाशी पडेल. म्हणून इथे वजन असते ते दोरीला. काठी दोरी फेकते आणि दोरीच्या टोकाशी बांधलेल्या पारदर्शक नायलॉनवरून माशी मुकाट्याने तिच्यामागे जाते. त्यामुळे काठीची निवड म्हणजे मुख्यतः दोरीची निवड.

या दोऱ्यांना वजनाप्रमाणे नंबर असतात. नंबर जितका लहान तितकी दोरी हलकी. पहिल्या तीस फुटांचे वजन हे त्याचे माप. पाच नंबरची दोरी घेतली तर तिचे पहिले तीस फूट १४० ग्रेन भरतात, म्हणजे नऊ ग्रॅम. हा आकडा ऐकून आमची ही पहिल्यांदाच या विषयात लक्ष घालती झाली. “जुन्या हिशेबाने पाऊण तोळा की हो!” ती म्हणाली. “पाऊण तोळ्याला तीस फूट! आमच्या मंगळसूत्राला याच्याहून जास्त लागले.” तेव्हापासून आमच्या घरी पाच नंबरच्या दोरीला ‘पाऊण तोळा’ असेच नाव आहे.

काठीवर मुठीच्या जरा वर बारीक अक्षरांत तिची लांबी आणि तिला चालणाऱ्या दोरीचा नंबर छापलेला असतो. काठी, दोरी आणि रीळ या तिघांचे नंबर जुळले पाहिजेत. तीन-चार नंबर लहान ओढ्यांना आणि वीतभर माशांना. पाच-सहा मध्यम नदीला. आठ आणि त्याच्या पुढचे नंबर महाशीरसारख्या दांडग्या माशाला. दुकानदाराच्या भिंतीवर नेहमी महाशीरचा फोटो असतो आणि गिऱ्हाइकाच्या वाट्याला बहुधा वीतभर मासा असतो, हे ध्यानात ठेवून नंबर निवडावा.

आता त्या चार काठ्या. पहिली वेळूची. कोण्या जुन्या साहेबाने मागे ठेवलेली. वेळूच्या सहा त्रिकोणी पट्ट्या तासून, चिकटवून तिचा षट्कोनी दांडा केलेला. गंमत अशी, की एके काळी विलायतेत आणि अमेरिकेत असल्या काठ्यांसाठी आपल्याकडचाच वेळू जाई. तो कलकत्त्याच्या बंदरातून निघे म्हणून त्याचे नाव ‘कलकत्ता केन’. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चीनच्या टोंकिन वेळूने त्याला मागे सारले. ही काठी मुठीपर्यंत वाकते. तिच्यात एक संथ, खानदानी डौल आहे. पण दहा मिनिटांत माझे मनगट भरून आले आणि खांद्याने जुनी ओळख दिली. मी ती अदबीने परत ठेवली.

दुसरी कार्बनची, नऊ फुटी, सहा नंबरची आणि कडक. ती फक्त शेंड्याशी वाकते. जाणत्याच्या हाती ती दोरी भाल्यासारखी दूर फेकते. माझ्या हाती तिने काहीच सांगितले नाही. दोरीचे वजन काठीवर केव्हा आले, केव्हा गेले, हे मुठीत कळतच नव्हते. नवशिक्याला दूर फेकायचे नसते, कळून घ्यायचे असते. तीर्थनवर मासा बहुधा पंधरा ते तीस फुटांच्या आत, एखाद्या धोंड्याच्या आडोशाला असतो. तिथे भाला काय करायचा?

तिसरी साडेसात फुटी, तीन नंबरची. ही हातात घेतली आणि मी तिच्या प्रेमातच पडलो. हातात काही धरले आहे असे वाटेना. खांदा गप्प. ही काठावरून म्हणाली, “हीच घ्या. हिने तुमचा हात दुखणार नाही.” मलाही तेच वाटत होते.

चौथी नऊ फुटी, पाच नंबरची, मध्यापर्यंत वाकणारी. तिसरीहून वजनाला वीस-पंचवीस ग्रॅम जास्त. म्हणजे दोन सुपाऱ्यांचा फरक. पण ज्याचा खांदा धरून गेला आहे, त्याला त्या दोन सुपाऱ्याही मोजाव्या लागतात. त्या दिवशी मी चौथी भिंतीवर टांगली आणि रात्री अंथरुणात तिसरीचाच विचार करीत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर एक तरुण पाहुणा भेटला. बंगलोरचा इंजिनियर, मनाने लाघवी. त्याच्याकडे तीन नंबरचीच सुरेख काठी होती. आमच्या देखत त्याच्या माशीला एक मोठा ट्राउट लागला. दीड फुटाला थोडा कमी. सोनेरी अंगावर काळे आणि लाल ठिपके. सगळ्यांनी आरडाओरडा केला. मासा प्रवाहात शिरला आणि ती नाजूक काठी मुठीपर्यंत वाकली. त्याला आवरण्याइतका जोर तिच्यात नव्हता. पाच मिनिटे झाली, दहा झाली. मासा जाई, थकून येई, पुन्हा जाई. शेवटी तो हाती आला, त्याचे फोटो निघाले आणि रीतीप्रमाणे त्या तरुणाने त्याला परत पाण्यात सोडले.

मासा उलटा झाला. त्याचे पांढरे पोट वर आले.

यजमान कपड्यांसकट पाण्यात उतरले. त्यांनी दोन्ही हातांत तो मासा सरळ धरला, तोंड प्रवाहाकडे केले, म्हणजे कल्ल्यांतून पाणी वाहावे. बराच वेळ ते तसेच उभे होते. कमरेपर्यंतचे ते पाणी किती गार होते, हे मी आदल्या दिवशी अनुभवले होते. कल्ले एकदा-दोनदा हलले आणि मग थांबले. “पाच-सहा वर्षांचा असेल,” एवढेच ते म्हणाले. तो तरुण एका धोंड्यावर मान खाली घालून बसला. कोणी त्याला बोलले नाही आणि बोलण्यासारखेही नव्हते. त्याची काठी वाईट नव्हती. वरच्या लहान ओढ्यात, तळहाताएवढ्या माशांवर ती शोभून दिसली असती. या मोठ्या प्रवाहात तिने झुंज लांबवली, आणि अशा झुंजीत मासा जितका जास्त थकतो तितकी सोडल्यावर तो जगण्याची आशा कमी होते. वर तो फोटोसाठी पाण्याबाहेर राहिला.

परत येताना ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “अहो, सोडायचाच असेल तर धरायचा कशाला?”

प्रश्न सरळ होता आणि माझ्यापाशी त्याचे सरळ उत्तर नव्हते, आजही नाही. यजमानांनी मात्र आपल्या परीने एक उत्तर दिले. ते म्हणाले, “माताजी, खाली बियासवर धरण झाले. या नदीवरही विजेचे प्रकल्प यायचे होते. आम्ही लोक भांडलो, आणि सरकारने तीर्थन मोकळी ठेवली. त्या वेळी आमच्या बाजूने बोलायला हा मासाही होता. लोक त्याच्यासाठी येतात म्हणून नदीला किंमत आहे. पण येतील त्यांनी त्याला सांभाळून धरावे, एवढे आमचे मागणे.” त्या रात्री आमच्या ताटात ट्राउट होता, पण तो मत्स्यशेतीच्या हौदात वाढवलेला. नदीतला नदीत.

तिसऱ्या दिवशी मी भिंतीवरून चौथी काठी उतरवली. हात म्हणत होता तिसरी, मासा म्हणत होता चौथी. आणि दोघांचा तंटा मिटवायचा तर मलाच काहीतरी शिकणे भाग होते. यजमानांनी कोपर बरगडीशी ठेवायला लावले. काठीचा शेंडा घड्याळाच्या काट्यासारखा समजायचा: पुढे दहा, मागे एक, त्यापलीकडे जायचे नाही. म्हणजे खांदा वर उचलावाच लागत नाही. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट थांबण्याची. दोरी मागे फेकल्यावर ती हवेत पूर्ण सरळ होईपर्यंत क्षणभर थांबायचे. ती सरळ झाली की तिचे वजन काठीला वाकवते आणि वाकलेली काठी आपणहून तिला पुढे भिरकावते. घाई केली की सगळा जोर हाताला लावावा लागतो. मागची बाकी नीट ओढून घेतल्याशिवाय नवे पान सुरू करायचे नाही, हे मला बँकेत पहिल्याच आठवड्यात शिकवले होते; ते इतक्या वर्षांनी नदीत उपयोगी पडले. त्या दोन सुपाऱ्यांचे वजन थांबायला शिकल्यावर कुठे गेले, कळले नाही.

नऊ फुटांच्या लांबीचाही गुण कळला. तीर्थनमध्ये धोंडे पुष्कळ. एका धोंड्याच्या दोन बाजूंना दोन वेगांचे प्रवाह. लांब काठीने दोरी उचलून धरता येते, म्हणजे प्रवाह तिला ओढून माशीची चोरी उघडकीस आणत नाही. काठावरची झाडे मागे अडली, तर दोरी मागे न टाकता पाण्यावरूनच गुंडाळून पुढे लोटायची एक युक्ती आहे. तिलाही ही लांबी सोयीची पडते.

दुपारी चारच्या सुमारास एका धोंड्यामागे माझी माशी बुडाली आणि काठी जिवंत झाली. मासा जेमतेम दहा इंची. काठीने त्याला मिनिटभरात जवळ आणले. गळाचा उलटा काटा यजमानांनी आधीच चिमट्याने दाबून टाकला होता. हात ओले करून, मासा पाण्याबाहेर न काढता मी गळ सोडवला. क्षणभर तो माझ्या तळहातावर प्रवाहाकडे तोंड करून थांबला आणि मग नव्हताच. फोटो कोणी काढला नाही. ही काठावरून म्हणाली, “गेला ना नीट?” तिने माझ्या खांद्याचे आधी विचारले नाही, हे मी लक्षात ठेवले आहे.

वाचकांपैकी कोणाच्या घरी हे खूळ शिरलेच, तर हिशेबी माणसाचे दोन-चार शब्द. पहिली काठी नऊ फुटी, पाच नंबरची, मध्यम वाकणारी घ्यावी. चार तुकड्यांची घेतली तर रेल्वेच्या बर्थखाली राहते. दुकानात ‘फिशिंग रॉड’ म्हणून जी दाखवतात ती बहुधा वजन फेकायची काठी असते. फ्लायच्या काठीची खूण अशी, की रीळ मुठीच्या खाली, अगदी बुडाशी बसते. सगळे तुकडे जोडून एक डोळा मिटून पाहावे. कड्या एका रेषेत याव्यात आणि जोड हलू नये. बुचाची मूठ हाताला जाड वाटू नये. परदेशी नामांकित काठी लाखाच्या घरात जाते. काठी, रीळ आणि दोरी असा नवशिक्याचा सगळा संच तिच्या आठव्या-दहाव्या हिश्शात येतो आणि तो पुरतो. थोडे पैसे उरलेच तर ते दोरीवर घालावेत, कारण हलक्या काठीला चांगली दोरी सावरून घेते, पण वाईट दोरीला भारी काठीही सावरू शकत नाही. आणि शक्य असेल तर दुकानात नुसती हलवून न पाहता, दोरी ओवून तीस फूट टाकून पाहावी.

सहकाऱ्यांच्या पाकिटातून मी असाच संच घेतला आणि चार पैसे उरले. हिने त्यांचे काय केले, हे मी विचारलेले नाही.

हिमाचलात ट्राउटच्या पाण्याला १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंदी असते, कारण थंडीत मासे अंडी घालतात. म्हणजे आपल्या घरी फराळाचे डबे रिकामे होऊ लागतात, त्याच सुमारास तिकडे नदीचे दार लागते. हे चार महिने काठीवाल्याला सरावाचे. सकाळी लवकर उठून आमच्या सोसायटीमागच्या मैदानात मी पाऊण तोळा हवेत फिरवतो. टोकाला गळ नसतो, लाल लोकरीचा गोंडा असतो, हिच्या विणकामातला. सोसायटीतली मुले येऊन विचारतात, “आजोबा, इथे मासे कुठे आहेत?” मी त्यांना मागे उभे राहू देत नाही, बाजूला उभे करतो आणि दोरी मागे सरळ झाली की मोठ्याने “आता!” म्हणायला सांगतो. त्यांतली एक आठ वर्षांची मुलगी कधी चुकत नाही. मार्चपर्यंत तिच्या हाती काठी द्यायचा माझा विचार आहे.